थडग्याचा दगड आणि खरेदीची अट

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आजची गोष्ट एका दगडापासून सुरू करूया.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू गावी कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम आहे. तिथल्या संग्रहात एक छोटा दगड आहे, लहान मुलाच्या थडग्यावर लावतात तसा. वर एक कोकरू बसलेलं आणि खाली नाव कोरलेलं : कोबोल. कोबोल हे कुणा माणसाचं नाव नाही, ती संगणकाची भाषा आहे. कॉमन बिझनेस ओरिएंटेड लँग्वेज, म्हणजे धंद्याच्या हिशेबासाठी सगळ्यांची मिळून एक भाषा.

हा दगड विकत घेतला हॉवर्ड ब्रोमबर्ग यांनी. ते आरसीए कंपनीत होते आणि कोबोल तयार करणाऱ्या समितीवर काम करत होते. समितीचं काम इतकं रेंगाळलं की त्यांना वाटायला लागलं, ही भाषा जन्माला यायच्या आधीच मरणार. मग त्यांनी थेट थडग्याचा दगड बनवून घेतला आणि पार्सलनं पाठवून दिला.

आता गंमत बघा, तो पाठवला कुणाला? समितीतल्या कुणा प्रोग्रामरला नाही, तर पेंटागॉनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यात बसणाऱ्या चार्ल्स फिलिप्स यांना. फिलिप्स प्रोग्राम लिहिणारे नव्हते. ते त्या खात्याचे अधिकारी होते, आणि ते खातं म्हणजे संगणकाचं फार मोठं गिऱ्हाईक. ब्रोमबर्ग यांचा पत्ता चुकला नव्हता. ही भाषा जगणार की मरणार हे शेवटी ठरणार होतं गिऱ्हाइकाच्या टेबलावर.

आजच्या भागात आपण हेच बघणार आहोत. सरकार एखादी डिजिटल वस्तू विकत घेतं, तेव्हा ते फक्त आपल्या कचेरीपुरती खरेदी करतं असं आपल्याला वाटतं. पण खरेदीच्या कागदावर लिहिलेली अट हळूहळू बँकेत, विमा कंपनीत, कारखान्याच्या पगारखात्यातही शिरते. मात्र ती नेहमीच शिरते असं नाही. कधी शिरते आणि कधी दारातूनच परत जाते, हा खरा प्रश्न आहे.

यंत्र बदललं की सगळं नव्यानं

आधी त्या काळात जाऊ. १९५१ साली युनिव्हॅक हा संगणक अमेरिकेच्या जनगणना खात्यानं ताब्यात घेतला. खाजगी धंद्यात तो पोचला १९५४ मध्ये, जनरल इलेक्ट्रिकच्या लुईव्हिल इथल्या कारखान्यात, कामगारांच्या पगाराच्या हिशेबासाठी. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक सरकार आणि मग कारखानदार, हा क्रम तेव्हापासूनच दिसतो.

पण अडचण मोठी होती. त्या काळी प्रोग्राम हा यंत्राला बांधलेला असे. एका कंपनीच्या संगणकासाठी लिहिलेला पगाराचा प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर चालत नसे. एवढंच नाही, त्याच कंपनीचं पुढचं मॉडेल घेतलं तरी बऱ्याचदा सगळं पुन्हा लिहावं लागे. कल्पना करा, तुम्ही दुकान बदललंत म्हणून रोजकीर्द, खतावणी, सगळ्या वह्या नव्या लिपीत उतरवून काढायच्या.

हा खर्च केवढा होता? त्या वेळच्या एका पाहणीत असं दिसलं होतं, की संगणक वापरणाऱ्या एखाद्या ठिकाणी प्रोग्राम लिहून घ्यायला सरासरी ८ लाख डॉलर लागत, आणि नवं यंत्र आलं की तेच प्रोग्राम त्याच्यावर चालवण्याजोगे करायला आणखी ६ लाख डॉलर. मग कुठला व्यवस्थापक यंत्र बदलायला तयार होईल? ज्यानं पहिला संगणक विकला, त्याच्याच दावणीला गिऱ्हाईक बांधलं जायचं.

विक्रेत्यांना हे सोयीचंच होतं. आयबीएमची स्वतःची भाषा तयार होत होती, कॉमट्रॅन. हनीवेलची होती फॅक्ट. रेमिंग्टन रँडकडे ग्रेस हॉपर यांची फ्लो-मॅटिक होती. प्रत्येकाचं आपलं कुंपण, आणि आत आपलं गिऱ्हाईक.

पेंटागॉनमधली बैठक

बरोज कंपनीतल्या मेरी हॉज यांनी पुढाकार घेतला आणि ८ एप्रिल १९५९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही मंडळी जमली. सगळ्या यंत्रांवर चालेल अशी हिशेबाची एक भाषा असावी, हा विषय. ग्रेस हॉपर त्यांत होत्या. पण असा प्रस्ताव पुढे न्यायचा तर तो बोलवायचा कुणी? आयबीएमनं बोलावलं तर हनीवेल येणार नाही, हनीवेलनं बोलावलं तर आयबीएम येणार नाही. कुणा एका विक्रेत्याच्या घरी हे लग्न लागणं शक्यच नव्हतं.

म्हणून ही मंडळी गिऱ्हाइकाकडे गेली. संरक्षण खात्याकडे तेव्हा २२५ संगणक होते आणि आणखी १७५ ची मागणी नोंदवलेली होती. त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहून घेण्यावर २० कोटी डॉलरहून जास्त खर्च होऊन गेला होता. चार्ल्स फिलिप्स यांना हा प्रश्न समजावून सांगायची गरजच नव्हती, तो त्यांच्या खात्याच्या पैशातच दिसत होता.

२८ आणि २९ मे १९५९ ला पेंटागॉनमध्ये बैठक झाली. चाळीसेक माणसं आली. सरकारी खाती, संगणक वापरणाऱ्या कंपन्या आणि संगणक बनवणारे, सगळे एका खोलीत. समित्या नेमल्या गेल्या. त्यांतली जी 'तात्पुरती' समिती होती, तिनं फक्त लगेच वापरता येईल असं काहीतरी करून द्यायचं होतं. पक्की, कायमची भाषा नंतर निवांत होणार होती. त्या तात्पुरत्या समितीवर सहा संगणक कंपन्या आणि तीन सरकारी संस्था होत्या. भाषेचा खरा आराखडा त्यातल्या सहा जणांनी पूर्ण केला. जीन सॅमेट त्यांपैकी एक. त्यांनी पुढे या सगळ्याचा इतिहासही लिहिला.

जानेवारी १९६० मध्ये आराखडा मंजूर झाला आणि त्याच वर्षी सरकारी मुद्रणालयातून छापून बाहेर पडला. तात्पुरती म्हणून केलेली ती भाषा म्हणजेच कोबोल. निवांत होणारी पक्की भाषा कधी आलीच नाही. आपल्याकडे तात्पुरती शेड उभी राहते आणि वर्षानुवर्षं तिथेच असते, तशातली गत.

एका वाक्याची अट

पण नुसतं पुस्तक छापून कोण ऐकतो? प्रत्येक कंपनीला वाटत होतं, ठीक आहे, समितीत बसलो, आता आपली भाषा आपण विकूया.

इथे ती अट आली. अमेरिकन सरकारनं जाहीर केलं, की यापुढे जो संगणक आम्ही विकत किंवा भाड्यानं घेऊ, त्याच्याबरोबर कोबोलचा कंपायलर मिळाला पाहिजे. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारी प्रणाली. विक्रेत्याला सूट हवी असेल, तर त्यानं सिद्ध करायचं की या विशिष्ट यंत्राला कोबोलचा काहीच उपयोग नाही. म्हणजे सिद्ध करायची जबाबदारी विक्रेत्यावर.

या अटीत काय नाही तेही बघा. 'अमुक कंपनीचा संगणक घ्या' असं नाही. 'सगळ्या धंद्यांनी कोबोल वापरावी' असा कायदाही नाही. खाजगी कंपन्यांबद्दल एक अक्षर नाही. एक मोठं गिऱ्हाईक फक्त एवढंच म्हणतंय, की माझ्याकडे माल घेऊन येताना ही एक गोष्ट बरोबर आणा.

डिसेंबर १९६० मध्ये एक प्रात्यक्षिक झालं. आरसीएचा ५०१ आणि रेमिंग्टन रँडचा युनिव्हॅक-२, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची दोन वेगळी यंत्रं. दोन्हींवर जवळजवळ तोच कोबोल प्रोग्राम चालवून दाखवला. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या दिवशी ते कुंपण पहिल्यांदा पडलं.

आता एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. सुरुवातीचे कोबोल कंपायलर अगदी रडतखडत चालत. १९६२ च्या सुमारास अमेरिकन नौदलानं मोजमाप केलं, तेव्हा कंपायलरचा वेग होता मिनिटाला ३ ते ११ वाक्यं. नुसत्या गुणवत्तेवर निवड झाली असती तर कुठल्याही शहाण्या कंपनीनं हा माल परत पाठवला असता. पण सरकारी अट कायम होती. त्यामुळे विक्रेत्यांना तो सुधारावाच लागला. १९६४ च्या मध्यापर्यंत वेग मिनिटाला ११ पासून १००० वाक्यांपर्यंत गेला होता. खाजगी गिऱ्हाइकानं जी दोन-चार वर्षं थांबायची तयारी दाखवली नसती, ती सरकारी अटीनं मिळवून दिली.

१९६२ मध्येच आयबीएमनं ठरवलं, की आता आपली मुख्य भाषा कोबोल, आणि कॉमट्रॅनचं काम बंद. हनीवेलची फॅक्टही मागे पडली.

सरकारी फाटकातून पेढीत

मग ही गोष्ट खाजगी धंद्यात कशी शिरली? याचं गणित साधं आहे.

कंपायलर बनवायला पैसा लागतो, पण एकदा बनवला की त्याची दुसरी प्रत काढायला जवळजवळ काही लागत नाही. सरकारी मागणीसाठी कंपनीनं तो बनवलेलाच आहे. शिवाय त्या काळी सॉफ्टवेअर वेगळं विकलं जात नसे, ते यंत्राबरोबरच मिळायचं. आयबीएमनं त्याचा वेगळा भाव लावायचं जाहीर केलं ते १९६९ मध्ये. म्हणजे मधल्या काळात जी विमा कंपनी किंवा बँक संगणक भाड्यानं घ्यायची, तिला कोबोल बरोबर मिळायची. खर्चाचा पहिला भार सरकारी मागणीनं उचलला, आणि फायदा रांगेत मागे उभ्या असलेल्यांनाही झाला.

त्यात संगणकही आवाक्यात येत होते. आयबीएमचा १४०१ हा संगणक १९५९ च्या ऑक्टोबरात आला, महिना २५०० डॉलरपासून भाड्यानं. तो दहा हजारांहून जास्त ठिकाणी बसला. सगळ्यांनी लगेच कोबोल वापरली असं मुळीच नाही, लहान यंत्रांवर बरीच कामं यंत्राच्या जवळच्या भाषेतच होत राहिली. पण यंत्र वाढवायची वेळ आली, की व्यवस्थापकापुढे प्रश्न उभा राहायचा : पुन्हा बांधून घ्यायचं, की मोकळं राहायचं?

कोबोलमुळे धंद्यात तीन गोष्टी बदलल्या. पहिली, विक्रेत्याशी घासाघीस करता येऊ लागली. 'भाव जमत नसेल तर दुसऱ्याकडे जातो' हे वाक्य पूर्वी पोकळ होतं, आता त्यात थोडा दम आला. दुसरी, माणसं मिळायला लागली. कोबोल शिकलेला माणूस एका कंपनीतून दुसरीत जाऊ शकत होता, त्यामुळे ती भाषा शिकण्यात अर्थ होता, आणि शिकवणी चालवण्यातही. तिसरी, हिशेब खात्यातल्या माणसाला प्रोग्रामचा निदान अंदाज येऊ लागला. बेरीज करा, गुणा, इथून तिथे हलवा, असे साध्या इंग्रजी क्रियापदांचे आदेश. पैशाची रक्कम किती अंकी, दशांश कुठे, हे प्रोग्रामच्या वेगळ्या भागात नीट मांडलेलं. ही भाषा हिशेबनीसाच्या अंगानं जाणारी होती.

आणखी एक काम सरकारनं केलं, ज्याची चर्चा कमी होते. अट घालणं सोपं, ती पाळली की नाही हे बघणं अवघड. 'आमच्याकडे कोबोल आहे' असं प्रत्येक विक्रेता सांगायचा, पण प्रत्येकाची कोबोल थोडी वेगळी. नौदलातून निवृत्त झालेल्या ग्रेस हॉपर यांना १९६७ मध्ये परत बोलावलं गेलं ते याच कामासाठी. त्यांच्या गटानं कंपायलर तपासायच्या चाचण्या तयार केल्या. १९६८ मध्ये कोबोलचं राष्ट्रीय मानक ठरलं, १९७२ मध्ये ते केंद्र सरकारच्या खरेदीसाठीचं मानक झालं. खाजगी कंपनी इतक्या चाचण्या स्वतः कुठे करत बसणार? तिला तयार मोजपट्टी मिळाली.

जमा झालेली उधारी

इथे थांबलो तर ही गोष्ट सरकारच्या कौतुकाची होईल. पण तिला दुसरी बाजू आहे.

जे सगळीकडे शिरतं ते काढता येत नाही. ८० रकान्यांच्या पंचकार्डांच्या आणि महागड्या मेमरीच्या काळात वर्ष दोन आकड्यांत लिहायची सवय पडली. १९६५ ऐवजी नुसतं ६५. ही सवय लाखो कोबोल प्रोग्राममध्ये जाऊन बसली, आणि २००० साल जवळ आल्यावर बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती सगळ्यांची धावपळ झाली. त्यालाच आपण वायटूके म्हणतो.

या धावपळीचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. मुंबईत अंधेरीला सीप्झ १९७३ मध्ये सुरू झालं. तिथून आणि मग पुण्यातून सॉफ्टवेअरची निर्यात वाढत गेली. वायटूकेच्या दुरुस्तीचं काम भारतीय कंपन्यांनी भरपूर केलं आणि त्यातून परदेशी बँकांशी, विमा कंपन्यांशी त्यांचे संबंध जुळले. नव्वदीच्या दशकात कितीतरी मराठी घरांतली मुलं कोबोल शिकून न्यू जर्सीला गेली, ती पेंटागॉनमधल्या त्या जुन्या बैठकीच्या ओढीनंच, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच न्यू जर्सीत एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या काळात, बेकारी भत्त्यासाठी अर्जांचा लोंढा आला. राज्याची जुनी यंत्रणा कोबोलवर चालत होती. गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकारांसमोर आवाहन केलं, कोबोल येणारी माणसं मदतीला हवी आहेत. जी भाषा जन्माआधी मरेल म्हणून थडग्याचा दगड पाठवला होता, ती साठ वर्षांनीही घरी जायला तयार नव्हती. आणि तिच्यावर अडकलेला भत्ता हा कुणाच्या तरी घरभाड्याचा पैसा होता. खरेदीची अट किती काळ माणसांच्या आयुष्यात राहते, ते यावरून समजावं.

तीच युक्ती, दोनदा फसली

मग प्रश्न येतो, सरकारनं अट घातली की धंदे ऐकतातच का? नाही. याच संरक्षण खात्यानं पुढे हीच युक्ती पुन्हा वापरली.

सत्तरीच्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की शस्त्रास्त्रांच्या यंत्रणांत साडेचारशेहून जास्त भाषा वापरल्या जातायत. म्हणून त्यांनी एडा नावाची नवी भाषा करवून घेतली. भाषा म्हणून ती उत्तम होती. १९८३ मध्ये मानक ठरलं, पुढे ती बंधनकारक झाली, १९९१ पासून तर कायद्यानंच. पण बँकांनी, कारखान्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. विमानं, रेल्वे अशा जोखमीच्या क्षेत्रांत ती टिकली. १९९७ मध्ये संरक्षण खात्यानं सक्ती मागे घेतली.

दुसरं उदाहरण नेटवर्कचं. संगणक एकमेकांशी कसे बोलतील याचे नियम अमेरिकन सरकारनं १९८८ मध्ये ठरवले आणि ऑगस्ट १९९० पासून खरेदीला लागू केले. त्याचं नाव गॉसिप. विक्रेत्यांनी अटीत बसण्यापुरता तो माल दिला, लोक मात्र वापरत राहिले टीसीपी-आयपी, म्हणजे ज्याच्यावर आज इंटरनेट चालतं ते. १९९५ मध्ये ती सक्तीही सुटली.

असं का झालं? एक कारण वजनाचं. मायक्रोचिपचा हिशेब बघा. १९६२ मध्ये अमेरिकेत तयार होणारी प्रत्येक इंटिग्रेटेड सर्किट चिप संरक्षणासाठीच जात होती, आणि एका चिपचा सरासरी भाव होता ५० डॉलर. १९६८ मध्ये संरक्षणाचा वाटा ३७ टक्क्यांवर आला आणि भाव २ डॉलर ३३ सेंटवर. म्हणजे सरकारनं सुरुवातीला महाग माल घेतला, त्यातून माल स्वस्त झाला, आणि स्वस्त झाल्यावर बाकीचं जग गिऱ्हाईक बनलं. सरकार आपल्याच खरेदीनं आपलं वजन कमी करत गेलं. ऐंशी-नव्वदीत बाजारात पीसी घेणाऱ्यांची झुंबड होती, तेव्हा पेंटागॉनच्या अटीला १९६० ची धार राहिली नव्हती.

पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कोबोलची मागणी धंद्यातूनच आलेली होती. यंत्र बदलताना होणारा खर्च बँकेला आणि विमा कंपनीला रोज टोचत होता, सरकारनं फक्त सगळ्यांना एका खोलीत बसवलं आणि आपली थैली त्या बाजूला टाकली. एडा ही लष्कराची गरज होती, पगारपत्रकाची नव्हती. आणि नेटवर्कच्या बाबतीत लोकांपाशी चालणारी गोष्ट आधीच होती. दुखणं जिथे नाही तिथे सरकारी औषध कुणी घेत नाही.

आपल्या अक्षरांचं काय झालं?

आता घरी येऊ. ११ मार्च १९६८ ला अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एक आदेश काढला. १ जुलै १९६९ पासून केंद्र सरकारच्या ताफ्यात येणाऱ्या प्रत्येक संगणकाला आस्की समजलं पाहिजे. आस्की म्हणजे कुठलं इंग्रजी अक्षर कुठल्या आकड्यानं साठवायचं याचं कोष्टक. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांचं वेगळं कोष्टक त्यानं संपलं नाही, पण सगळ्यांना समजेल अशी एक सामाईक लिपी यंत्रांपाशी आली.

मराठीचं असं कोष्टक? ते होतं. इस्की नावानं १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं जाहीर केलं होतं, आणि पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान त्यावर चालायचं. पण कचेऱ्यांत, छापखान्यांत, डीटीपीच्या दुकानांत चाललं ते वेगळंच. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, प्रत्येक फाँटची आतली मांडणी निराळी. फाँट घेताना साधारणपणे पाहिलं जायचं ते अक्षर कसं दिसतं आणि छपाई नीट येते का. मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडेल का, शोधता येईल का, हा प्रश्न मागेच राहिला.

ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना सांगायला नको. फाइल उघडली की पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. मग फोन करायचा, 'तुमचा फाँट कुठला?' निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यापासून वर्तमानपत्रापर्यंत प्रत्येकाला चार-पाच फाँट बाळगावे लागत. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारनं ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हे मानक ठरवलं. तोवर वर्षानुवर्षांचा मराठी मजकूर अशा कोष्टकांत साठला होता, जी फक्त त्या-त्या फाँटला कळतात. तो आजही रूपांतर करत बसावा लागतो. पेंटागॉनच्या प्रोग्रामांचं १९५९ मध्ये जे दुखणं होतं, अगदी तेच हे. फरक एवढाच, की इथे मानक कागदावर होतं आणि खरेदी त्याच्या शेजारून निघून गेली.

आज गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, म्हणजे जेम, आहे. २०१६ मध्ये ते सुरू झालं, आणि २०१७ च्या वित्तीय नियमांनी केंद्रीय खात्यांना तिथे मिळणारा माल तिथूनच घेणं बंधनकारक केलं. खुर्च्या किंवा झाडू पुरवणाऱ्या छोट्या पुरवठादारालाही आता नोंदणी, मालाची यादी, बिल, सगळं ऑनलाइन करावं लागतं. 'डिजिटल व्हा' म्हणून कितीही भाषणं केली तरी जे झालं नसतं, ते एका खरेदीच्या नियमानं होतं. ताकद आहे, यात शंका नाही.

म्हणूनच नगरपालिका असो, विद्यापीठ असो की मंत्रालय, सॉफ्टवेअरची निविदा निघते तेव्हा किमतीच्या आकड्याआधी तीन गोष्टी वाचाव्यात असं हा इतिहास सांगतो. आपली माहिती उद्या दुसऱ्या पुरवठादाराकडे नेता येईल, असं त्यात लिहिलंय का? लिहिलेलं पाळलं जातंय हे तपासणार कोण? आणि ही गरज खरोखर कुणाची आहे, वापरणाऱ्यांची की विकणाऱ्याची? या तिन्हींची उत्तरं फक्त त्या एका कचेरीपुरती राहत नाहीत. तिच्याशी व्यवहार करणारा प्रत्येक कंत्राटदार, छापखाना, सहकारी बँक, सगळ्यांना त्यांच्याबरोबर जगावं लागतं, आणि बऱ्याचदा निविदा लिहिणारा अधिकारी निवृत्त झाल्यावरही.

तर मंडळी, आजच्या भागात इतकंच. तुमच्यापैकी कुणी जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम केलं असेल, किंवा वायटूकेच्या वेळी कोबोलवर बसला असाल, तर तुमचे अनुभव खाली जरूर लिहा. भेटूया पुढच्या भागात.